शिखराची वाट आणि दोराची जबाबदारी

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजच्या व्याख्यानासाठी 'रज्जुमार्ग' हा विषय जाहीर झाला, तेव्हा आपल्यापैकी काहींना तो सहलीचा विषय वाटला असेल. पाळण्यात बसावे, काही मिनिटांत डोंगरमाथा गाठावा, देवदर्शन घ्यावे आणि खाली उतरावे, एवढीच आपली रज्जुमार्गाशी ओळख असते. परंतु १ फेब्रुवारी २०२२ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' या राष्ट्रीय रज्जुमार्ग विकास कार्यक्रमाची घोषणा झाली आणि हा विषय रस्ते, रेल्वे व जलमार्ग यांच्या पंक्तीत येऊन बसला. म्हणूनच त्याचा विचार अभियांत्रिकी, सामाजिक न्याय, उपजीविका आणि आपत्ती व्यवस्थापन अशा सर्व अंगांनी करणे आवश्यक आहे.

भिलाईत बसून हा विचार करण्यास एक विशेष औचित्य आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या गावातील घराघरांत पोलादाशी संबंध असलेले कोणी ना कोणी आहे. पोलाद किती भार सोसते, ते केव्हा थकते आणि त्याची निगा राखली नाही तर काय होते, हे येथील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. रज्जुमार्गाचा सारा भार अखेर एका पोलादी दोरावरच असतो.

डोंगरगडचा डोंगर

आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. भिलाईहून हावडा–मुंबई लोहमार्गाने पश्चिमेकडे निघाले की दुर्ग आणि राजनांदगाव मागे टाकून गाडी डोंगरगडला पोहोचते. तेथे सुमारे १,६०० फूट उंचीच्या डोंगरावर बडी बमलेश्वरीचे मंदिर असून पायथ्याजवळ छोटी बमलेश्वरीचे मंदिर आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. भिलाई-दुर्गपासून जी. ई. रोडने पायी निघालेले भाविक आणि त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला उभारलेले चहापाण्याचे, भोजनाचे सेवामंडप हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो.

मराठी भाषकांचेही या गावाशी जुने नाते आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत छत्तीसगड आणि विदर्भ एकाच प्रांतात होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. रेल्वेच्या प्रशासनात डोंगरगड आजही नागपूर विभागातच मोडते. येथील प्रज्ञागिरीवर ३० फूट उंचीची बुद्धमूर्ती असून तिच्या दर्शनासाठी विदर्भातून बौद्ध उपासक येतात. चंद्रगिरी हे जैन तीर्थही येथेच असून १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्य विद्यासागर महाराजांनी तेथे समाधी घेतली. केंद्र सरकारच्या 'प्रसाद' या तीर्थक्षेत्र विकास योजनेत डोंगरगडचा समावेश झाला, त्यामागे या स्थानाचे हे महत्त्व आहे.

बमलेश्वरीच्या मंदिरापर्यंत जाण्यास हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. तरुणाला त्या चढताना आनंद वाटतो. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या वृद्धेला, हृदयविकाराच्या रुग्णाला किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला मात्र त्या पायऱ्या म्हणजे बंद दरवाजाच असतो. रज्जुमार्गामुळे तो दरवाजा उघडला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १०.३८ कोटी आणि दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २.६८ कोटी होती. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेले 'सुगम्य भारत अभियान' आणि दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यांनी सार्वजनिक ठिकाणी सहज पोहोचता येणे हा हक्काचा प्रश्न मानला. या दृष्टीने पाहिल्यास रज्जुमार्ग ही चैनीची वस्तू राहत नाही.

परंतु याच डोंगरावर एप्रिल २०२५ मध्ये रज्जुमार्गाची एक ट्रॉली स्थानकाजवळ उलटून काही प्रवासी जखमी झाले. या घटनेतून आजच्या व्याख्यानाचा मुख्य प्रश्न पुढे येतो. पायऱ्या चढणारा मनुष्य स्वतःच्या पायांवर आणि दमावर विसंबून असतो. थकला तर तो बसतो, भीती वाटली तर परत फिरतो. पाळण्यात बसल्यावर हे स्वातंत्र्य राहत नाही. त्याचे श्रम वाचतात, पण त्याच्या सुरक्षिततेचा भार यंत्रणेकडे जातो. हा भार यंत्रणेने कसा वाहावा, हे ठरविणे म्हणजे रज्जुमार्गाचे खरे धोरण होय.

दोराचे शास्त्र

पोलादी तारांचा दोर प्रथम खाणीसाठी तयार झाला. जर्मनीतील हार्त्स पर्वतातील खाणींत ओझे वर खेचण्यासाठी साखळ्या वापरीत. साखळीची एक कडी तुटली की संपूर्ण साखळी निकामी होते आणि बहुधा त्याची पूर्वसूचना मिळत नाही. यावर उपाय म्हणून विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. त्यात ३ पेड होते आणि प्रत्येक पेडात ४ तारा होत्या. एखादी तार तुटली तरी तिचा भार उरलेल्या तारा वाटून घेतात, हे त्याचे वैशिष्ट्य. आजच्या दोरांत तारांची संख्या कितीतरी अधिक असते, परंतु तत्त्व तेच आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, दोर साधारणपणे एकाएकी तुटत नाही. आधी तार झिजते, गंजते, एकेक करून तुटते. नियमित पाहणी करणाऱ्याला ते कळू शकते. आतील तारांची स्थिती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चुंबकीय चाचणी करतात. दोर चुंबकीय क्षेत्रातून नेला असता आत जेथे तार तुटलेली असेल तेथे चुंबकीय प्रवाहात फरक पडतो आणि उपकरण त्याची नोंद करते. म्हणजे दोर स्वतःची प्रकृती सांगत असतो. प्रश्न असतो तो ऐकणाऱ्याचा.

रचनेनुसार रज्जुमार्गांचे काही प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात दोन बाजूंचे पाळणे एकाच वेळी विरुद्ध दिशांनी ये-जा करतात. उतरणाऱ्या पाळण्याचे वजन चढणाऱ्या पाळण्याला तोलून धरते, त्यामुळे विद्युत मोटारीला मुख्यतः दोहोंतील फरक आणि घर्षण यांचाच भार उचलावा लागतो. १९९६ मध्ये सुरू झालेला रायगडचा रज्जुमार्ग ये-जा पद्धतीचा आहे. दुसऱ्या प्रकारात एकच दोर अखंड फिरत राहतो आणि स्थानकात आलेला पाळणा दोरापासून सुटून सावकाश सरकतो. प्रवासी चढ-उतार करतात व पाळणा पुन्हा दोराला पकडतो. २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला गिरनारचा रज्जुमार्ग असा आहे. तिसऱ्या प्रकारात दोन दोर पाळण्याला आधार देतात आणि तिसरा त्याला ओढतो. वाऱ्यात अधिक स्थिर राहणारी ही रचना लांब व उंच मार्गांसाठी निवडली जाते. सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली यांहून वेगळी आहे. ती दोराने ओढली जात असली तरी हवेतून न जाता उतारावरील रुळांवरून धावते.

आणखी एक तत्त्व विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. दोन मनोऱ्यांमधील दोर नेहमी किंचित झोळ घेऊन असतो. तो पूर्ण सरळ करू गेल्यास त्यातील ताण अतोनात वाढेल. उन्हाळ्यात दोर लांबतो, थंडीत आखडतो आणि भारानुसार झोळही बदलतो. हा बदल सामावून घेण्यासाठी प्रतिभाराची किंवा द्रवदाबाची योजना करावी लागते.

पर्वतमाला आणि नवे प्रकल्प

रज्जुमार्गांचे नियमन प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यांनुसार होत आले आहे. १९२३ चा बंगालचा रज्जुमार्ग कायदा हा त्यांतील जुना कायदा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या कार्यविभाजन नियमांत दुरुस्ती होऊन रज्जुमार्गांच्या विकासाचा विषय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाकडे आला. त्यानंतर 'पर्वतमाला' कार्यक्रम सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या तत्त्वावर जाहीर करण्यात आला. २०२२-२३ या वर्षात ६० किलोमीटर लांबीच्या ८ प्रकल्पांची कंत्राटे देण्याचे उद्दिष्ट अर्थसंकल्पात मांडले होते.

५ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उत्तराखंडमधील दोन प्रकल्पांना मंजुरी दिली. सोनप्रयाग ते केदारनाथ हा १२.९ किलोमीटरचा रज्जुमार्ग ४,०८१.२८ कोटी रुपयांचा असून गोविंदघाट ते हेमकुंड साहिब हा १२.४ किलोमीटरचा रज्जुमार्ग २,७३०.१३ कोटी रुपयांचा आहे. केदारनाथला जाण्यास लागणारा ८ ते ९ तासांचा वेळ सुमारे ३६ मिनिटांवर येईल, असा अंदाज आहे. वाराणसीत २४ मार्च २०२३ रोजी शहरी रज्जुमार्गाची पायाभरणी झाली. डोंगरी भागासाठी योजलेले हे साधन दाटीच्या शहरांतही उपयोगी ठरू शकते, हा विचार त्यामागे आहे. रस्त्याच्या तुलनेत रज्जुमार्गाला जमीन कमी लागते, कारण मुख्यतः मनोऱ्यांच्या पायांपुरती आणि स्थानकांपुरतीच जागा घ्यावी लागते. वनक्षेत्रात ही जमेची बाजू आहे.

अपघातांनी शिकविलेले धडे

अपघातांचा अभ्यास घाबरविण्यासाठी करावयाचा नसतो. यंत्रणेत नेमका कोणता दुवा निखळला, हे समजून घेण्यासाठी तो करावा लागतो.

२३ मे २०२१ रोजी इटलीत मोत्तारोने पर्वताच्या माथ्याकडे जाणारा पाळणा कोसळून १४ जण मृत्युमुखी पडले. ओढणारा दोर तुटला होता. अशा प्रसंगी पाळणा जागच्या जागी धरून ठेवणारा आणीबाणीचा ब्रेक त्यावर बसविलेलाही होता, परंतु तो मुद्दाम निष्क्रिय करून ठेवला होता. म्हणजे उपाय उपलब्ध होता, पण सेवा अखंड सुरू ठेवण्याच्या मोहापायी तो काढून घेतला गेला.

२५ जून २०१७ रोजी काश्मीरमधील गुलमर्ग येथे सोसाट्याच्या वाऱ्याने झाड मोडून दोरावर आदळले आणि पाळणा पडून ७ जणांचा मृत्यू झाला. मार्गालगतच्या झाडांची पाहणी आणि वाऱ्याचा वेग ठराविक मर्यादेपलीकडे जाताच सेवा थांबविण्याचा निर्णय, या दोन्ही गोष्टी दोराच्या देखभालीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, असे ही घटना सांगते.

१० एप्रिल २०२२ रोजी रामनवमीच्या दिवशी झारखंडमधील देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर रज्जुमार्ग बंद पडला. अनेक प्रवासी ४० तासांहून अधिक काळ हवेत अडकून राहिले. वायुदल, भूदल, इंडो-तिबेट सीमा पोलीस आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी स्थानिक लोकांच्या साहाय्याने बहुतेकांची सुटका केली, तरीही ३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून प्रत्येक रज्जुमार्गाचे सुरक्षा परीक्षण करण्यास आणि आकस्मिक योजना सिद्ध ठेवण्यास सांगितले. अडकलेल्यांना खाली उतरविण्याची व्यवस्था स्थानकातच हवी. हेलिकॉप्टर हा अखेरचा उपाय असावा.

६ सप्टेंबर २०२५ रोजी गुजरातमधील पावागड येथे मालवाहू रज्जुमार्गाच्या दुर्घटनेत ६ जण मरण पावले. तेथील मृतांत मजूर आणि यंत्रचालक होते. प्रवाशांच्या सुरक्षिततेविषयी आपण बोलतो, पण शिखरावर सिमेंट, पाणी आणि प्रसादाचे साहित्य पोहोचविणाऱ्या मार्गावर काम करणाऱ्यांचा विचार क्वचितच होतो. सुरक्षेचा निकष दोन्ही ठिकाणी सारखाच असला पाहिजे.

पायवाटेवर पोट असलेली माणसे

रज्जुमार्ग प्रवाशाला पायथ्यावरून उचलतो आणि थेट माथ्यावर नेतो. मधल्या वाटेवर चहा, फुले, नारळ, पाणी विकणारे, डोली वाहणारे आणि घोडेवाले असतात. त्यांच्यासमोरून गिऱ्हाईक हवेतून निघून जाते. जम्मूतील कटरा येथे वैष्णोदेवीच्या मार्गावरील ताराकोट ते सांझीछत या प्रस्तावित रज्जुमार्गाविरुद्ध नोव्हेंबर व डिसेंबर २०२४ मध्ये दुकानदार, घोडेवाले आणि पालखीवाले यांनी आंदोलन केले, ते याच भीतीपोटी.

या विरोधाकडे 'विकासाला अडथळा' म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु डोली वाहणाऱ्याचे श्रम अमानुष आहेत, असे म्हणून त्याचे काम संपविणे आणि त्याला दुसरे काम न देणे, यात माणुसकी नाही. स्थानकांवरील दुकाने, देखभालीची कामे आणि बचाव पथके यांत या लोकांना प्राधान्य देता येते. डोंगराची वाट, वारा आणि निसरड्या जागा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? रायगडच्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. बाळाच्या ओढीने गडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या कथेशी निगडित असलेली ही वाडी. डोंगर अंगवळणी पडलेल्या माणसांचे ज्ञान किती मोलाचे असते, याचे स्मरण ती कथा आजही करून देते.

माथ्यावर जागा किती?

शेवटचा मुद्दा शिखराच्या वहनक्षमतेचा आहे. केदारनाथच्या नियोजित रज्जुमार्गाची क्षमता एका दिशेने ताशी १,८०० प्रवाशांची, म्हणजे दिवसाला सुमारे १८,००० प्रवाशांची आहे. साधे गणित करून पाहा. ताशी १,८०० म्हणजे दर मिनिटाला ३० माणसे. ही माणसे माथ्यावर उतरतील तेव्हा तितक्याच वेगाने आधीची माणसे खाली गेली पाहिजेत. त्यांना पाणी, स्वच्छतागृह आणि निवारा लागेल, त्यांच्या मागे कचरा राहील. दोराची क्षमता वाढविता येते, शिखराचे क्षेत्रफळ वाढविता येत नाही.

गर्दीचे भान सुटल्यास काय होते, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे पाहिले. काळुबाईच्या यात्रेतील चेंगराचेंगरीत सुमारे ३०० भाविकांचा बळी गेला. २७ जुलै २०२५ रोजी हरिद्वारच्या मनसादेवी मंदिराच्या पायऱ्यांच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. मनसादेवीला रज्जुमार्गाची सोय आहे, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. दुसरी वाट तयार झाली म्हणून पहिल्या वाटेची व्यवस्था सैल सोडता येत नाही. माथ्यावर किती लोक आहेत, याची मोजदाद दोन्ही वाटा मिळून एकाच ठिकाणी झाली पाहिजे.

समारोप

मित्रहो, परीक्षेत 'पर्वतमाला' योजनेवर प्रश्न आला तर किलोमीटर आणि कोटी रुपये आपण लिहालच. ते लिहिलेच पाहिजेत. परंतु उत्तराच्या अखेरीस तीन प्रश्न स्वतःला विचारा. हा मार्ग कोणासाठी आहे? तो कोणाच्या जबाबदारीवर चालतो? आणि तो कोणाच्या पोटावर येतो? उद्या आपल्यापैकी कोणी जिल्हाधिकारी होईल, कोणी अभियंता, कोणी तपासणी अधिकारी. तेव्हा हे प्रश्न उत्तरपत्रिकेतून उठून आपल्या टेबलावर फाइलच्या रूपाने येतील. यात्रेची गर्दी खाली उभी असेल, सेवा सुरू ठेवण्याचा आग्रह चहूबाजूंनी होत असेल आणि तपासणीच्या अहवालात एका दोराविषयी शंका नोंदविलेली असेल. त्या दिवशी 'आज पाळणा चालणार नाही' असे लिहून खाली सही करण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे. आजच्या अभ्यासाचे खरे प्रयोजन तेच आहे.

येत्या नवरात्रात डोंगरगडला जाल तेव्हा एकदा पायऱ्यांनी चढून पाहा. वाटेवरच्या दुकानदाराशी बोला. त्यानंतर रज्जुमार्गाच्या स्थानकाशी थोडे थांबा. शेवटची तपासणी कधी झाली, पाळण्यात किती जणांना परवानगी आहे आणि मार्ग बंद पडल्यास काय करावे, हे प्रवाशाला वाचता येईल असे लिहिलेले आहे का, ते पाहा. नसल्यास विनयाने विचारा. आपल्या मागे रांगेत एखादी आजी उभी असेल, जिला कित्येक वर्षांनी प्रथमच देवीचे दर्शन होणार असेल. तो प्रश्न तिच्या वतीनेही विचारलेला असेल.